दोन स्विच, चार व्हीलॅन आणि वाटून घेतलेला भार

"दोन-दोन लाइनी घेतल्या, स्विच बी नवा आणला, तरी नेट काऊन अडकून राह्यलं भाऊ?" अकोल्याच्या जुन्या शहरात नेटवर्कचं काम करणाऱ्याला चहाच्या आधी हा प्रश्न येतो. कारण बहुतेक वेळा साधं निघतं. दुसरी वायर जोडलेली असते, दिवाही लुकलुकत असतो, पण तिच्यावरून कामाचं काही जात नाही. एक तर स्विचने ती राखीव म्हणून अडवून ठेवलेली असते, नाहीतर भार वाटण्याची सेटिंग अशी असते की सगळं ट्रॅफिक पहिल्याच वायरीवर ढकललं जातं. नवा माल विकत आणण्याआधी हातातल्या दोन्ही वायरी कामाला कशा लावायच्या, ते इथे सांगतो. पतसंस्था, दवाखाना, अभ्यासिका, शाळा अशा ठिकाणचं नेटवर्क ज्यांच्या गळ्यात पडलं आहे त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. स्विचच्या सेटिंगच्या पानावर जाता येतं आणि आयपी पत्ता काय असतो ते ठाऊक आहे, एवढं धरून चालतो.

समजा, असदगड किल्ल्याच्या बाजूला जुन्या वाड्याच्या जागी उभी राहिलेली एक तीन मजली इमारत आहे. तळाला पॅथॉलॉजी लॅब, पहिल्या मजल्यावर पतसंस्थेची शाखा, दुसऱ्यावर ८० खुर्च्यांची अभ्यासिका. जिना, बोळ आणि गच्ची मिळून ३२ कॅमेरे. मागे वाड्याचा जुना भाग तसाच उभा, जाड मातीच्या भिंती आणि वर धाबं. त्या भिंतीतून वायफाय नीट जात नाही, म्हणून तिकडे वायर न्यावीच लागते. घरमालकाने सगळ्यांना मिळून एकच नेटवर्क उभं करून दिलं आहे. 'क' हा मुख्य स्विच तळाला आणि 'ख' हा दुसरा मुख्य स्विच वरच्या मजल्यावर. प्रत्येक मजल्याला एक छोटा स्विच, आणि त्या प्रत्येकातून एक वायर 'क'कडे, एक 'ख'कडे. 'क' आणि 'ख' यांच्यामध्ये दोन वायरी. इमारत कल्पनेतली आहे, पण पुढचं सगळं तिच्यावर बसवून बघता येईल.

सेटिंगला हात घालण्याआधी स्विच कुठे ठेवला आहे ते बघा. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. कार्यालयात वापरायचे पुष्कळ स्विच ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात, काही ४५ किंवा ५० पर्यंतच्या. गच्चीवरच्या पत्र्याच्या पेटीत बंद केलेल्या स्विचभोवतीची हवा बाहेरच्या पाऱ्याहून गरम असते, हे सांगायला थर्मामीटर लागत नाही. दुपारी दोननंतर नेट 'हँग' होतं आणि रात्री आपोआप सुधारतं अशी तक्रार असेल, तर भार वाटण्याचा अभ्यास बाजूला ठेवा आणि आधी पेटी सावलीत आणा. डेटाशीटवर कमाल तापमान छापलेलं असतं. विकत घेताना पोर्टची संख्या सगळे बघतात, ती ओळ कोणी वाचत नाही. गच्चीवर किंवा उघड्या पेटीत बसवायचाच असेल तर औद्योगिक वापराचा, ७० अंशांच्या पुढे तग धरणारा स्विच मिळतो. महाग असतो, पण दर उन्हाळ्यात नवा स्विच घेण्यापेक्षा परवडतो. आणखी एक गोष्ट. मागच्या वाड्याकडे, म्हणजे एका इमारतीतून दुसरीकडे, तांब्याची वायर नेऊ नका. मृगाच्या पहिल्या विजेला दोन्हीकडचे पोर्ट जातात. तिथे फायबर टाका. एकाच इमारतीत तांब्याची वायर चालते, पण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १०० मीटरच्या आत.

आता व्हीलॅन. एकाच स्विचवर एकमेकांना न दिसणारी वेगवेगळी नेटवर्क चालवण्याची ही सोय. त्यासाठीचं ८०२.१क्यू हे मानक १९९८ साली आलं. प्रत्येक फ्रेमवर चार बाइटची चिठ्ठी लागते आणि तिच्यात १२ बिटांचा क्रमांक असतो, म्हणून वापरता येणारे क्रमांक १ ते ४०९४. आपल्या इमारतीत लॅबला १०, पतसंस्थेला २०, अभ्यासिकेला ३० आणि कॅमेऱ्यांना ४० देऊ. स्विचच्या व्यवस्थापनासाठी ९९ वेगळा ठेवू. आयपी पत्त्याचा तिसरा आकडा व्हीलॅनच्या क्रमांकाशी जुळवा. अभ्यासिका १९२.१६८.३० ने सुरू होणारी, कॅमेरे १९२.१६८.४० ने. रात्री अकरा वाजता फोनवरून कोणी पत्ता वाचून दाखवला तर तक्रार कुठल्या मजल्यावरची ते तुम्हाला अंथरुणातूनच कळेल.

व्हीलॅन केले म्हणजे भार वाटला गेला, असं मात्र नाही. व्हीलॅनमुळे ट्रॅफिकचे गठ्ठे पडतात. कुठला गठ्ठा कुठल्या वायरीवर टाकायचा, ते तुम्हालाच ठरवावं लागतं. त्यासाठी प्रत्येक गठ्ठ्याचा स्वभाव बघा. ३२ कॅमेरे प्रत्येकी ४ एमबीपीएस धरले तर १२८ एमबीपीएस होतात, तेही रात्रंदिवस, न थांबता. अभ्यासिका दुपारी शांत असते आणि संध्याकाळी ८० फोन व्हिडिओवर असतात. लॅबचे अहवाल लहान. पतसंस्थेचं ट्रॅफिक तर किरकोळच, पण ते मध्येच तुटलं तर काउंटरवर रांग उभी राहते. यातले दोन जड गठ्ठे कॅमेरे आणि अभ्यासिका. ते दोन वेगळ्या वाटांनी गेले पाहिजेत. बाकीचे हलके गठ्ठे कुठेही बसतात. तुमच्याकडचे खरे आकडे स्विचच्या पोर्ट काउंटरवरून घ्या. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी, आठवडाभर. अंदाजाने वाटणी केली तर ती हमखास चुकते.

आता अडवणाऱ्या यंत्रणेकडे वळू. स्विचांमध्ये वायरींचं वर्तुळ झालं तर एकच फ्रेम गोल-गोल फिरत राहते, तिच्या नकला वाढत जातात आणि काही सेकंदांत सगळं नेटवर्क आडवं होतं. ते टाळण्यासाठी स्पॅनिंग ट्री असतं. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीत असताना राडिया पर्लमन यांनी १९८५ साली ते रचलं. एक स्विच मूळ ठरतो, त्याच्याकडे जाणारी प्रत्येकाची सर्वांत स्वस्त वाट चालू राहते आणि बाकीच्या वाटा अडवल्या जातात. तुमची दुसरी वायर गप्प बसते ती याच यंत्रणेमुळे. तिला बंद करून टाकायचा मोह होतो, आणि तो सल्ला देणारेही भेटतात. ऐकू नका. अभ्यासिकेतल्या एखाद्या पोराने भिंतीतल्या दोन सॉकेटांना एकच वायर लावली की इमारतीतल्या सगळ्यांचं काम थांबेल.

मूळ कोण, हे तुम्ही ठरवलं नाही तर स्विच आपापसात ठरवतात. सगळ्यांचा प्राधान्यक्रम कारखान्यातून ३२७६८ असतो. बरोबरी झाली की सर्वांत लहान मॅक पत्त्याचा स्विच जिंकतो. एकाच कंपनीचे स्विच असतील तर जुन्या मालाचे मॅक पत्ते बऱ्याचदा लहान असतात. म्हणून जिन्याखालचा सर्वांत जुना, सर्वांत मंद स्विच सगळ्या इमारतीचा मूळ होऊन बसतो आणि 'क' ते 'ख' ही जाडजूड वाट अडवली जाते. हे तपासायला दोन मिनिटं लागतात. स्पॅनिंग ट्रीच्या पानावर 'रूट' म्हणून कोणाचा पत्ता दिसतो ते बघा. तो तुम्ही निवडलेल्या स्विचचा नसेल, तर बाकी काही करण्याआधी तेवढं दुरुस्त करा. प्राधान्यक्रम ४०९६ च्या पटीत देता येतो, आणि आकडा जितका लहान तितका मान मोठा.

भार वाटायची खरी युक्ती इथेच आहे. प्रत्येक व्हीलॅनसाठी वेगळं झाड काढता आलं, तर एका झाडात अडवलेली वायर दुसऱ्या झाडात चालू राहील. काही कंपन्यांच्या स्विचवर दर व्हीलॅनला एक झाड अशी सोय असते. नसेल तर एमएसटीपी वापरा. ते सर्वसाधारण मानक आहे आणि मध्यम किमतीच्या मॅनेज्ड स्विचवर बहुधा असतंच. त्यात व्हीलॅनचे गट पाडायचे. पहिल्या गटात लॅब आणि अभ्यासिका, म्हणजे १० आणि ३०. दुसऱ्या गटात पतसंस्था आणि कॅमेरे, म्हणजे २० आणि ४०. पहिल्या गटासाठी 'क'चा प्राधान्यक्रम ४०९६ आणि 'ख'चा ८१९२, दुसऱ्या गटासाठी बरोबर उलट. आता मजल्यावरच्या प्रत्येक स्विचची एक वायर पहिल्या गटाचं ट्रॅफिक 'क'कडे नेते, दुसरी वायर दुसऱ्या गटाचं 'ख'कडे. कुठलीही एक तुटली की दुसरी दोन्ही गट उचलते.

कुठल्या गटाचा मूळ कुठे, हे मनाला येईल तसं ठरवू नका. ट्रॅफिक शेवटी जिथे पोचायचं आहे, त्याच्या जवळ मूळ ठेवा. अभ्यासिकेला इंटरनेट लागतं, म्हणून इंटरनेटचा मुख्य राउटर ज्या 'क'ला जोडला आहे तो तिचा मूळ. कॅमेऱ्यांचं सगळं चित्रण रेकॉर्डरकडे जातं, म्हणून रेकॉर्डर 'ख'ला जोडा आणि कॅमेऱ्यांचा मूळ 'ख' करा. उलटं केलं तर कॅमेऱ्यांचे १२८ एमबीपीएस आधी 'क'कडे येतील, मग मधल्या वायरीवरून 'ख'कडे जातील, आणि वाटलेला भार मधल्या वायरीवर पुन्हा गोळा होईल.

एमएसटीपीत दोन खड्डे आहेत आणि दोन्ही वरून दिसत नाहीत. पहिला म्हणजे सगळ्या स्विचवर विभागाचं (रीजनचं) नाव, आवृत्ती क्रमांक आणि कुठला व्हीलॅन कुठल्या गटात ही यादी तंतोतंत सारखी लागते. नावात एक अक्षर लहान-मोठं झालं तरी तो स्विच स्वतःला वेगळ्या विभागातला समजतो. नेट चालू राहतं, पण त्याच्याकडे जाणाऱ्या वायरींवरची वाटणी बंद होते आणि मग लोक महिनोन्महिने कारण शोधत बसतात. दुसरा खड्डा अधिक खोल आहे. दोन ट्रंक वायरींपैकी, म्हणजे अनेक व्हीलॅन एकत्र नेणाऱ्या वायरींपैकी, एकीवर फक्त १० आणि दुसरीवर फक्त ३० जाऊ द्यायचा, असं ट्रंकच्या परवानगीच्या यादीतून 'हाताने' वाटणारे बरेच जण असतात. पण १० आणि ३० हे एकाच गटात, म्हणजे एकाच झाडात आहेत. त्या झाडाने एक वायर अडवली की तिच्यावरच्या व्हीलॅनला दुसरीवर परवानगी नसते आणि त्याचं ट्रॅफिक कुठेच जात नाही. तेव्हा एका गटातले सगळे व्हीलॅन सगळ्या ट्रंकवर जाऊ द्या आणि वाटणीचं काम प्राधान्यक्रमावर सोडा.

'क' आणि 'ख' यांच्यामधल्या दोन वायरींची गोष्ट वेगळी. त्या समांतर आहेत, दोन्ही टोकांना तेच दोन स्विच. त्यांना एकत्र बांधून एकच जाड वायर असल्यासारखं वागवता येतं, म्हणजे स्पॅनिंग ट्रीला अडवायला काही उरत नाही. याचं ८०२.३एडी हे मानक २००० सालचं, आणि दोन्ही टोकांची बोलणी करणारी त्यातली पद्धत म्हणजे एलएसीपी. दोन्हीकडे 'ॲक्टिव्ह' ठेवा. दोन्हीकडे 'पॅसिव्ह' असेल तर कोणीच बोलायला सुरुवात करत नाही आणि बांधणी होत नाही. एलएसीपी टाळून 'स्टॅटिक' किंवा 'ऑन' असा पर्यायही असतो. तो सोपा दिसतो, पण जुन्या शहरात मी तो वापरणार नाही. कारण इथे स्विच आणि फायबर यांच्यामध्ये बऱ्याचदा मीडिया कन्व्हर्टर असतो. पलीकडे फायबर तुटलं तरी कन्व्हर्टर आणि स्विच यांच्यामधला दिवा हिरवाच राहू शकतो. स्टॅटिक बांधणीला वाटतं वायर जिवंत आहे, आणि अर्धं ट्रॅफिक विहिरीत पडत राहतं. एलएसीपी तुटलेली बाजू ओळखतं. त्यात 'फास्ट' निवडलं तर ३ सेकंदांत, 'स्लो' असेल तर ९० सेकंदांत. फास्ट निवडा.

एक गोष्ट इथे बहुतेकांना पटत नाही. १ जीबीपीएसच्या दोन वायरी बांधल्या म्हणून एका फाइलची कॉपी २ जीबीपीएसने होत नाही. स्विच एका संभाषणाची पाकिटं एकाच वायरीवर ठेवतो. दोन्हीवर एकाआड एक टाकली तर पाकिटं उलटसुलट पोचतात आणि वेग वाढण्याऐवजी घटतो. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णा नदीचं पाणी घेऊन राजराजेश्वराच्या मंदिरात येणाऱ्या कावडी आठवा. शंभराहून जास्त भरण्यांची, म्हणजे पाण्याच्या घागरींची, कावड तोलायची तर भरणी दोन्ही बाजूंना सारखी लावतात, पण एकच भरणं असेल तर ते चिरून अर्धं-अर्धं टांगता येत नाही. संभाषणं पुष्कळ असतील तरच दोन्ही वायरी सारख्या भरतात. रात्रीचा बॅकअप हे एकच मोठं संभाषण. त्याला वेग हवा असेल तर बांधणीचा उपयोग नाही, त्या एका वाटेवर १० जीबीपीएसचा पोर्टच लागेल.

कुठलं संभाषण कुठल्या वायरीवर, हे स्विच पत्त्यांवर एक गणित करून ठरवतो. त्या गणिताला कुठले पत्ते द्यायचे ही निवड तुमची, आणि सगळं घोडं इथेच अडतं. बऱ्याच स्विचवर आधीपासून मॅक पत्ते निवडलेले असतात. एकाच व्हीलॅनच्या आत ते ठीक चालतं. कॅमेरे ३२, पत्ते ३२, आणि ते बऱ्यापैकी वाटले जातात. पण ट्रॅफिक राउटरकडून खाली येताना प्रत्येक फ्रेमवर पाठवणाऱ्याचा मॅक राउटरचाच असतो. दोन राउटरांच्या मध्ये बांधणी असेल तर दोन्ही बाजूंचे मॅक ठरलेले. गणिताचं उत्तर दर वेळी तेच येतं, सगळं एका वायरीवर जातं आणि दुसरी मोकळी. म्हणून दोन्ही आयपी पत्ते निवडा, आणि स्विचला येत असेल तर त्यासोबत टीसीपी-यूडीपीचे पोर्ट क्रमांकही. दोन्ही टोकांना ही निवड सारखी असलीच पाहिजे असं नाही, कारण प्रत्येक टोक आपल्याकडून जाणाऱ्या ट्रॅफिकचंच ठरवतं. पण दोन्ही टोकं तपासावी लागतात. एका बाजूची सेटिंग सुधारून 'झालं' म्हणणारे अर्धंच काम करून उठतात. आणि वायरी दोन किंवा चार ठेवा. काही स्विच गणिताची आठ खोकी करून ती वायरींना वाटतात. तीन वायरी असतील तर वाटणी ३, ३ आणि २ अशी विषम पडते.

बजेट असेल तर 'क' आणि 'ख' असे घ्या की दोघं मिळून एकच स्विच असल्यासारखे वागतील. याला स्टॅक म्हणतात. दोघांचा कारभार वेगळा ठेवून फक्त बांधणी एकत्र दाखवणारी पद्धत म्हणजे एमलॅग. मग मजल्यावरच्या स्विचच्या दोन्ही वायरी, एक 'क'कडची आणि एक 'ख'कडची, एकाच बांधणीत येतात आणि वरचं झाडांचं प्रकरण फक्त सुरक्षेपुरतं उरतं. नवं उभारायचं असेल तर मी हेच निवडेन. स्टॅकमध्ये एक त्रास आहे. सॉफ्टवेअर अद्ययावत करताना पुष्कळ मॉडेलांत दोन्ही स्विच एकदमच बंद-चालू होतात, म्हणून लॅबला आधी सांगून ठेवावं लागतं. मात्र ही सोय नसलेल्या दोन स्वतंत्र स्विचांमध्ये एलएसीपीची एक बांधणी विभागून टाकता येत नाही. सर्व्हरची एक वायर 'क'ला आणि एक 'ख'ला असेल, तर लिनक्सच्या बाँडिंगमध्ये एक चालू, एक राखीव हा पर्याय घ्या. त्याला मोड १ म्हणतात. एलएसीपीचा मोड ४ तिथे चालणार नाही. एकाआड एक पाकिटं टाकणाऱ्या मोड ० पासून लांबच राहा.

व्हीलॅनमधून बाहेर पडायचं दार म्हणजे गेटवे. झाडं दोन काढली आणि दार एकच ठेवलं, तर सगळं पुन्हा त्या दारावर गोळा होतं. 'क' आणि 'ख' हे दोन्ही राउटिंग करणारे स्विच असतील तर व्हीआरआरपी वापरा. प्रत्येक व्हीलॅनमध्ये .१ हा पत्ता दोघांच्या सामाईक मालकीचा, 'क'चा स्वतःचा .२ आणि 'ख'चा .३. संगणकांना गेटवे म्हणून .१ सांगायचा. प्राधान्य मुळात १०० असतं. १० आणि ३० या व्हीलॅनसाठी 'क'ला ११० द्या, २० आणि ४० साठी 'ख'ला. जो ज्या गटाचा मूळ, तोच त्या गटाचा दारवान, ही जोडी मोडू देऊ नका. मोडली तर नेट बंद पडत नाही, म्हणूनच कोणाच्या लक्षात येत नाही. फक्त प्रत्येक पाकीट मधली वायर विनाकारण एकदा जास्त ओलांडतं. मूळ सेटिंगमध्ये दर सेकंदाला एक हाक जाते, आणि दारवान पडला तर सुमारे साडेतीन सेकंदांत दुसरा उभा राहतो. काउंटरवरच्या माणसाला ते जाणवतही नाही. स्वस्त स्विचवर व्हीआरआरपी नसतं. तुमच्याकडे राउटर एकच असेल तर सगळ्या गटांचे मूळ उगाच विभागू नका. कॅमेऱ्यांचा तेवढा रेकॉर्डरच्या बाजूला ठेवा आणि बाकी सगळं राउटरजवळ.

दोन व्हीलॅनमध्ये राउटिंग सुरू केलं की अभ्यासिकेतल्या फोनवरून पतसंस्थेचा प्रिंटर दिसू लागतो. ३० मधून २० कडे काहीही जाऊ नये असा नियम गेटवेवर त्याच दिवशी टाका.

काही ठिकाणी एकच प्रोग्राम दोन-तीन विंडोज सर्व्हरवर चालवून त्यांना विंडोजच्याच नेटवर्क लोड बॅलन्सिंगने जोडलेलं असतं. परीक्षा केंद्रांत किंवा मोठ्या दवाखान्यांत ते भेटतं. इथे स्विचवाल्याने सावध राहावं. त्याच्या 'युनिकास्ट' पद्धतीत सगळे सर्व्हर ०२-बीएफ ने सुरू होणारा एकच मॅक पत्ता घेतात आणि तो कुठल्या पोर्टवर आहे हे स्विचला मुद्दाम कळू देत नाहीत. पत्ता माहीत नाही म्हटल्यावर स्विच ते ट्रॅफिक त्या व्हीलॅनच्या प्रत्येक पोर्टवर ओततो. सर्व्हर आणि कॅमेरे एकाच व्हीलॅनमध्ये असतील तर सर्व्हरवरचा भार कॅमेऱ्यांच्या वायरीवरही येतो, आणि लोक कॅमेरेवाल्याला बोल लावतात. उपाय म्हणजे या सर्व्हरांना स्वतःचा व्हीलॅन द्या, समजा ५०, आणि त्यात दुसरं काहीही नको. सर्व्हर 'क' आणि 'ख' या दोन्हींवर विभागलेले असतील तर ५० दोन्हींवर आणि मधल्या ट्रंकवर असायलाच हवा, कारण सगळे सर्व्हर एकाच सबनेटमध्ये लागतात. 'मल्टिकास्ट' पद्धत निवडली तर पत्ता ०३-बीएफ ने सुरू होतो. तिथे अडचण राउटरची असते. साध्या आयपीला मल्टिकास्ट मॅक जोडलेलं उत्तर काही राउटर स्वीकारत नाहीत, आणि मग दुसऱ्या व्हीलॅनमधल्या कोणालाच सर्व्हर सापडत नाही. राउटरमध्ये ती जोडी हाताने नोंदवावी लागते. नवीन उभारणीत मी हे टाळतो. सर्व्हरांच्या पुढे एचएप्रॉक्सी किंवा एनजिनएक्स असं भार वाटणारं सॉफ्टवेअर ठेवलं की स्विचवर काही वेगळं करावं लागत नाही.

आता इमारतीबाहेरच्या वायरींकडे येऊ. जुनं शहर मोर्णा नदीच्या पश्चिम काठावर, आणि स्टेशनपासून मोठ्या बाजारापर्यंतचा पुष्कळ पसारा पलीकडच्या काठावर. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या इंटरनेट लाइन घेतल्या तरी दोघांचं फायबर एकाच पुलावरून, एकाच बोळातून, एकाच खांबावरून येत असेल, तर एका खोदकामात दोन्ही जातात. लाइन घेताना विचारा की फायबर कुठल्या पुलावरून येतं आणि शेवटचा डबा कुठल्या चौकात आहे. उत्तर गोलमोल मिळालं तर लाइन टाकणाऱ्या पोराला विचारा, त्याला सगळं माहीत असतं. वाटा वेगळ्या मिळत नसतील तर दुसरी लाइन सिमवरची घ्या. वेग कमी मिळेल, पण पतसंस्थेचा व्यवहार चालेल.

दोन लाइनींची वाटणी राउटर करतो, स्विच नव्हे. एक २०० एमबीपीएस आणि दुसरी १०० असेल तर वजन २ आणि १ द्या. सारखं वजन दिलं तर लहान लाइन आधी तुंबते. पतसंस्थेचा व्हीलॅन मात्र वाटणीत घालू नका. बँकेच्या संकेतस्थळावर एक पान एका लाइनने आणि दुसरं दुसऱ्या लाइनने गेलं की बाहेरचा आयपी बदलतो, आणि संकेतस्थळ सुरक्षेसाठी लॉगआउट करतं. २० साठी एक लाइन पक्की करा, दुसरी फक्त ती पडल्यावर. अभ्यासिकेला दोन्ही मोकळ्या ठेवा, पण एका फोनची सगळी संभाषणं एका लाइनवर चिकटून राहतील असा पर्याय निवडा. लाइन जिवंत आहे का हे तपासायला राउटर पिंग करतो. ते पिंग कंपनीच्या पहिल्याच डब्याला जात असेल तर पुढचं फायबर तुटलेलं त्याला कधीच कळणार नाही. बाहेरच्या दोन वेगळ्या ठिकाणांना पिंग लावा, आणि दोन्ही गप्प झाले तरच लाइन मेली असं धरा.

सगळं जोडून झालं की एक हिशेब करा. 'क' ते 'ख' या दोन वायरींवर संध्याकाळी ७०० आणि ६०० एमबीपीएस दिसत असतील तर वाटणी छान झाली आहे, पण एक वायर तुटली की १ जीबीपीएसच्या वायरीवर १,३०० एमबीपीएस येतील. दोन वायरींचा भार मिळून एकीत मावला पाहिजे. मावत नसेल तर आणखी दोन वायरी टाका किंवा पोर्ट मोठे घ्या. वाटणी केल्यावर आकडे निम्मे दिसतात, मालक खूश होतो, आणि हळूहळू दोन्ही वायरी भरत जातात. म्हणून हा हिशेब दर काही महिन्यांनी पुन्हा करावा लागतो.

चाचणी रविवारी रात्री करा, अभ्यासिका बंद झाल्यावर. दोन लॅपटॉप घ्या, एक 'क'वर, एक 'ख'वर, आणि वेग मोजणारं आयपर्फ-३ चालवा. आधी एका संभाषणाने, मग एकदम आठने. एकाला ९४० एमबीपीएसच्या आसपास मिळून आठांनाही मिळून तेवढंच येत असेल, तर आधी लॅपटॉपचा स्वतःचा पोर्ट १ जीबीपीएसचाच आहे का ते बघा. असेल तर आणखी दोन लॅपटॉप लावा. त्यानंतरही दोन्ही वायरींचे काउंटर सारखे हलत नसतील तर पत्त्यांची निवड पुन्हा तपासा. मग सतत पिंग चालू ठेवून एक-एक वायर उपसा. बांधणीतली एक वायर काढली तर एखाद-दुसरं पिंग हुकेल. मजल्यावरच्या स्विचची चालू अपलिंक काढली तर काही सेकंद जातील. ३० ते ५० सेकंद जात असतील तर कुठला तरी स्विच जुन्या १९९० च्या स्पॅनिंग ट्रीवर चालतो आहे, तो शोधा. त्यानंतर 'क'ची वीजच काढा. हीच चाचणी सगळे टाळतात, आणि 'क' आणि 'ख' दोन्ही एकाच यूपीएसवर असल्याचं याच चाचणीत कळतं.

माणसं बसतात तिथल्या सॉकेटांच्या पोर्टवर बीपीडीयू गार्ड, म्हणजे स्पॅनिंग ट्रीचे निरोप आले की पोर्ट बंद करणारा पहारा, चालू करा. मग कोणी घरचा छोटा मॅनेज्ड स्विच लावला तर तो पोर्ट बंद होईल आणि झाडं हलणार नाहीत. साधे अनमॅनेज्ड डबे या पहाऱ्यातून निसटू शकतात, म्हणून त्या पोर्टांवर स्टॉर्म कंट्रोलही ठेवा. मजल्यांकडच्या ट्रंकवर मात्र गार्ड लावू नका, तिथे या निरोपांची देवाणघेवाण व्हायलाच हवी. प्रत्येक स्विचची सेटिंग फाइल उतरवून ती त्याच इमारतीत नसलेल्या ठिकाणी ठेवा. आणि रॅकच्या दाराला आतून एक कागद चिकटवा. कुठला व्हीलॅन कुठल्या गटात, कुठल्या गटाचा मूळ कोण, बांधणीत कुठले पोर्ट, दोन्ही लाइनींचे ग्राहक क्रमांक, आणि सेटिंग शेवटची कोणी, कधी बदलली. कागदावर पासवर्ड लिहू नका.